मोडक्या नानकटाईचा मान

एका राज्यात राजवाड्याच्या कळसापेक्षा गावभट्टीचं धुराडं उंच होतं. हसू नका, खरंच होतं! कुणाचं बारसं निघालं, कुणाची लेक माहेरी आली, की बायका घरचा मैदा, घरचं तूप, घरची पिठीसाखर घेऊन भट्टीवर जात आणि गरम नानकटाईचे डबे डोक्यावर घेऊन परत येत. त्या राज्यात चोर होते, पण डबे पळवणारा चोर एकही नव्हता. मागितलं की मिळत होतं, मग चोरायचं कशाला?

त्या राज्याचा राजा महीधर आणि राणी रत्नप्रभा. राजाचं राहू द्या, राजे काय, सगळीकडे असतात. राणीचं ऐका. मुदपाकखान्यात आचाऱ्यांची फौज होती, पण घरच्या कार्याचा खाऊ ही बाई दुसऱ्या कुणाला करू देत नसे. पदर खोचून स्वतः परातीपुढे बसे. तिच्या हातची जिऱ्याची बिस्किटं खाऊन शेजारच्या राजाने ठरलेली लढाई मोडली होती. तिची नानकटाई जिभेवर ठेवली की दातांना काही काम उरत नसे. अहाहा, काय तो हात! असा हात शंभर वर्षांत एखादीला मिळतो, आणि मिळाला तरी तिला त्याचा गर्व नसणं हे त्याहून दुर्मीळ.

राजवाड्यात एक रिवाज होता. तुमच्याआमच्या घरात असतो तोच. गोल, अख्खी, छान फुललेली नानकटाई पाहुण्यांच्या ताटात. मोडकी, तुटकी, कडेने जरा जास्त भाजलेली, ती घरच्यांना. खुद्द राजा तुकडेच खाई आणि वर बोटं चाटी.

राजकन्या केतकीला सातवं वर्ष लागलं, त्या दिवशी राणीने सगळ्या गावाला खाऊला बोलावलं. अंगणात पाटांच्या रांगा लागल्या. ओव्याच्या काड्या, खारे शंकरपाळे, भाजलेल्या करंज्या आणि मधोमध नानकटाईचे डोंगर! इतक्यात दारात धूम्रकेश उभा राहिला.

धूम्रकेश हा धुराच्या डोंगरावरचा जादूगार. महीधर रांगता असताना राजवाड्याला आग लागली होती, तेव्हा याने ती मुठीत धरून विझवली आणि मुलाला बाहेर काढलं. तेव्हापासून राजा त्याला काका म्हणे. धूम्रकेश ज्या राज्यात जाई तिथे त्याला उंच आसन मिळे, चांदीचं ताट मिळे, आणि लोक चार हात लांब उभे राहत. विद्या मोठी, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

राणीला त्याला पाहून फार आनंद झाला. तिने वाकून नमस्कार केला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी राजाच्या शेजारी त्याला बसवलं, घरच्या ताटातले तुकडे त्याच्या पुढ्यात ठेवले आणि "आलेच हं" म्हणत ती पाहुण्यांकडे वळली. घरच्या माणसाला कुणी समजावत बसतं का, की तू घरचा आहेस म्हणून?

धूम्रकेशाने ताटात पाहिलं. मग रांगांकडे पाहिलं. वाण्याच्या ताटात अख्खी, सोनाराच्या ताटात अख्खी, परटिणीच्या ताटात अख्खी. याच्या ताटात चुरा. तो ताडकन उठला.

"राणी, हा माझा मान?"

"काका, अहो, ऐका तरी..."

"एक शब्द नको! आजपासून तुझ्या हातचं काही अखंड राहणार नाही. भाजशील ते फुटेल. आणि ही तुझी मुलगी साळुंकी होईल. एकेक शब्द विसरत जाईल. 'आई' हा शब्द विसरली की जन्मभर पाखरू!"

राजा त्याच्या पायांवर पडला. "काका, उःशाप द्या."

"कधी न थांबणाऱ्या जात्याचं पीठ, पांढऱ्या तळ्याचं तूप आणि निजलेल्या आगीची धग. एवढ्यावर राणीने एकटीने नानकटाई भाजावी. ती अखंड माझ्या ताटात पडली की मी मंत्र म्हणेन. ती आणल्याशिवाय माझ्या गुहेचं दार कुणालाही उघडणार नाही."

एवढं बोलून तो धूर झाला आणि निघून गेला. केतकीच्या पाटावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "आई, माझे हात कुठे गेले गं?"

राणी रडली. का नाही रडणार? ऊर फुटेपर्यंत रडली. मग तिने डोळे पुसले, शापाआधी भाजलेल्या खाऊचा एक डबा भरला, पिठीसाखरेची पुरचुंडी बांधली, झाकणाचं पितळी पातेलं घेतलं आणि साळुंकीला खांद्यावर बसवलं. राजा म्हणाला, "मीही येतो." ती म्हणाली, "एकटीनेच जायचं आहे. तुम्ही राज्य सांभाळा." आणि ती वेशीबाहेर पडली.

चालता चालता पहिला डोंगर आला. त्याच्या पायथ्याशी घराएवढं जातं होतं आणि एक राक्षसीण दोन्ही हातांनी ते फिरवत होती. जातं थांबलं तर डोंगर कोसळणार, म्हणून ती जन्मल्यापासून थांबली नव्हती. पिठाची रास पुढ्यात आणि पोट खपाटीला!

"पीठ हवं?" राक्षसीण गरजली. "आधीचे सगळे रास उपसायला वाकले, त्यांना मी पायाखाली घेतलं."

राणी राशीकडे गेलीच नाही. तिने डबा उघडला. "बाई, तुम्ही जेवला नाहीत वाटतं? तोंड उघडा."

राक्षसिणीने तोंड उघडलं, ते एखाद्या दरवाजाएवढं. राणीने तिला खारे शंकरपाळे भरवले, ओव्याच्या काड्या भरवल्या, मधेमधे पाणी पाजलं. हात मात्र जात्यावरच राहिले. राक्षसिणीच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. "मला कुणी भरवलं नव्हतं गं कधी," ती म्हणाली, "ने, हवं तेवढं पीठ ने." राणीने ओटीत मावेल तेवढंच घेतलं.

तोवर साळुंकी 'झोका' विसरली होती, 'बाहुली' विसरली होती.

दुसऱ्या डोंगरापलीकडे पांढरं तळं होतं. अर्धं पाणी, अर्धं तूप. काठावर फणा काढून एक म्हातारा नाग बसला होता.

"तूप घे," नाग म्हणाला, "पण तळहाताने फेटायचं. फेटलेला गोळा पाण्यात टाकायचा. तरंगला तर तुझा. बुडाला तर तू बुडालीस."

आता नानकटाई करणाऱ्या बाईला हे सांगायला हवं का? तूप आणि साखर फेटून फेटून पांढरीशुभ्र, हलकी झाली की गोळा पाण्यावर तरंगतो. न फेटता घाई केली की दगड. पी हळद आणि हो गोरी, असं इथे चालत नाही. राणीने पुरचुंडी सोडली आणि परातीसारख्या एका सपाट शिळेवर तूपसाखर घेऊन फेटायला बसली. ऊन चढलं. खांदा भरून आला. साळुंकी 'बाबा' म्हणायला गेली आणि गप्प झाली. राणीचा हात घाईला आला. पण तिने स्वतःलाच दटावलं, "रत्नप्रभे, घाई केलीस तर पोर गेलीच म्हणून समज!" आणि पुन्हा सावकाश, एका लयीत फेटू लागली. ऊन कलल्यावर तिने एक गोळा पाण्यात सोडला. तो आत गेला, डुचमळला आणि वर येऊन तरंगला.

नागाने फणा खाली केला. "शंभर वर्षांनी तरंगला," तो म्हणाला, "जा मुली. तुझ्या हाताला माझा नमस्कार." साप लोकांना नमस्कार करत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तिसऱ्या डोंगरात एक घळ होती आणि घळीत आग निजली होती. तिच्या श्वासासरशी निखारे लाल होत, पुन्हा राखाडी होत. राणीने पीठ मळलं, गोळे केले, मधोमध अंगठ्याने जरा दाबले, पातेल्यात मांडले, झाकण ठेवलं. खाली निखारे, झाकणावर निखारे.

आग झोपेतच बोलली, "भाज. पण झाकण मधेच उचललंस, वारा लागला, तर मी जागी होईन. मग तू नाहीस आणि डोंगरही नाही."

राणी पातेल्यापुढे बसली. थोड्या वेळाने तिने खांद्याकडे पाहिलं, तर साळुंकी तिथे नव्हती. आणि पातेल्यातून आवाज आला, "आई! मी आत अडकले! आई, भाजतंय गं, झाकण काढ!"

कुठल्या आईचा हात थांबेल? राणीचा हात झाकणाच्या कडीपर्यंत गेला. तिथेच तो थांबला, कारण तिच्या नाकाला पातेल्यातून वास येत होता. तूप, साखर आणि अजून कच्च्या असलेल्या पिठाचा वास. पीस होरपळल्याचा वास त्यात नव्हता. डोळे फसतील, कान फसतील, पण नानकटाई करणाऱ्या बाईचं नाक फसत नाही! तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आवाज रडला, ओरडला, शेवटी थकून बंद झाला. मग खरपूस वास आला. राणीने झाकण उचललं, आणि त्याच वेळी साळुंकी घळीच्या तोंडाशी चोचीत एक किडा धरून येऊन बसली. पाखरासारखी भूक लागली होती तिला. ते पाहून राणी पुन्हा रडली.

पातेल्यात सगळ्या नानकटाया तडकलेल्या. शाप तो शापच. पण मधली एक, एकच, अखंड होती. राणीने ती पदराच्या एका टोकाला बांधली. तुकडे दुसऱ्या टोकाला बांधले. अन्न टाकायचं नसतं.

धुराच्या डोंगरावर गुहेचं दार आपणहून उघडलं. आत धूम्रकेश एकटा बसला होता. समोर चांदीचं ताट, पण रिकामं. राणीने त्यात अखंड नानकटाई ठेवली.

त्याने ती उलटसुलट पाहिली. "अखंड आहे," तो म्हणाला, "मी शब्दाचा पक्का आहे." आणि त्याने मंत्र म्हटला.

काही झालं नाही.

त्याने पुन्हा म्हटला. साळुंकीने एक पीस झाडलं, बस्स. धूम्रकेशाच्या कपाळावर घाम आला. जन्मात त्याचा मंत्र कधी वाया गेला नव्हता. साळुंकीने राणीकडे पाहून चोच उघडली. "आ..." एवढंच म्हणाली. पुढचं तिला आठवेना.

"काका, लवकर करा!"

"मंत्र बरोबर आहे," धूम्रकेश पुटपुटला, "पण शाप रागातून सोडला होता आणि राग अजून पोटात आहे. तो असेपर्यंत मंत्र लागू पडत नाही. मी काय करू? तूच सांग, तू का केलंस तसं? सगळ्यांपुढे तुकडे का वाढलेस?"

तेव्हा मात्र राणीचा बांध फुटला.

"का म्हणजे? महाराजांच्या ताटात काय होतं, पाहिलंत? तुकडे! केतकीच्या ताटात? तिचा वाढदिवस असून तुकडे! आमच्यात अख्खी पाहुण्यांना देतात, काका. पाहुणा खातो, वाहवा म्हणतो आणि संध्याकाळी आपल्या घरी जातो. मोडकं घरच्यांना. ज्यांनी मोडकं पाहिलं तरी चालतं, त्यांना. ज्यांनी महाराजांना आगीतून काढलं, त्यांना मी वाण्या-सोनारांच्या रांगेत बसवू? ही घ्या तुमची अख्खी. पाहुणे व्हायचं असेल तर खा आणि आम्हाला निरोप द्या. आणि हे..." तिने पदराचं दुसरं टोक सोडलं, "हे घरचं आहे."

धूम्रकेश त्या तुकड्यांकडे पाहत राहिला. साऱ्या पृथ्वीवर हिंडलेला माणूस, साऱ्या राजांच्या उंच आसनांवर बसलेला. त्याला घरच्या ताटात काय वाढतात, हे कुणी कधी दाखवलंच नव्हतं. त्याने चांदीचं ताट बाजूला सारलं आणि ओंजळ पुढे केली.

"सूनबाई," तो म्हणाला, "चुकलो मी. वाढ."

राणीने ओंजळीत चुरा घातला. त्याने तो तोंडात टाकला आणि हा म्हातारा, डोंगर हलवणारा जादूगार, लहान पोरासारखा हुंदके देत रडला. त्या रडण्यात पोटातला राग कुठे वाहून गेला, त्याचं त्यालाही कळलं नाही. मंत्र म्हणायची गरजच पडली नाही. साळुंकीची पिसं गळून पडली, आणि गुहेत केतकी उभी राहिली.

तिने आपले दोन्ही हात नीट पाहिले. मग बाजूला सारलेल्या चांदीच्या ताटाकडे पाहिलं. मग ठणकावून म्हणाली, "आई, ती अख्खी मला!"

राणी हसली, रडली, सगळं एकदम झालं. "घे गं माझे बाई, घे," ती म्हणाली. केतकीने ती अखंड नानकटाई दोन्ही हातांत धरली आणि चावा घेतला.

त्यानंतर धुराचा डोंगर रिकामा झाला. काका राजवाड्यात उंबऱ्याशी बसू लागला. शाप उतरला तसं राणीच्या हातचं काही म्हणता काही फुटेना, सगळ्या नानकटाया अख्ख्या निघू लागल्या, आणि घरच्यांची पंचाईत झाली. मग राणी काय करी? पाहुण्यांची ताटं भरून झाली की उरलेल्यांतली एकेक नानकटाई हातात घेई, आपल्या हाताने मोडी आणि काकाच्या ताटात वाढी. असे घरचे तुकडे तुम्हाला मिळोत, आम्हाला मिळोत, आणि ज्याला आजवर कुणी वाढले नाहीत त्याला सगळ्यांत आधी मिळोत.