रंगनाथ बगाड्याची जागेवरची सायकल

“…मग मला एवढंच सांगा बाबा, माणूस एवढा घाम गाळतो, तो जातो कुठं?”

दस्तगीरबाबा आपले पायडल मारत होते.

फलटणच्या जुन्या बाजारामागं एक लहानसा पीर आहे. त्याच्या ओट्यावर बाबांची धार लावायची सायकल असे. सायकल कसली, नुसता सांगाडा. मागचं चाक स्टँडवर उचललेलं, त्यावरून पट्टा घेऊन वर दगडाला जोडलेला. पायडल मारलं की दगड गरगर फिरायचा आणि सायकल तिथल्या तिथंच. सकाळी पिराला ऊद घालायचा, ओटा झाडायचा, आणि मग दुपारच्या नमाजापर्यंत गावाच्या कात्र्या, विळ्या आणि अडकित्ते.

बाबा स्वतःला कुणाचे गुरू म्हणवत नसत. पण कात्री घेऊन आलेला माणूस धार लागल्यावरही तासभर तिथंच रेंगाळायचा, असं पुष्कळांचं होई.

रंगनाथ बगाडे त्यातलाच एक. पेठेत त्याचं टेलरिंगचं दुकान. वय सेहेचाळीस, हातात कसब आणि तोंडात त्याहून जास्त. वीस वर्षं तो बाबांकडं कात्री आणत होता आणि सगळ्या पेठेत स्वतःला बाबांचा पट्टशिष्य म्हणवून घेत होता. बाबांनी त्याला कधी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

आज मात्र गड्याचा नूर पार उतरलेला. कात्री बाबांच्या हातात दिली, ओट्यावर बसला आणि कुणी काही विचारायच्या आत भडाभडा बोलायला लागला.

गोष्ट अशी होती. त्याची धाकटी बहीण हेमलता साताऱ्याला दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला जावं लागे. नवऱ्याला मधुमेह, त्यामुळं त्याची किडनी चालत नव्हती. आईवडील कधीच गेलेले. उरला रंगनाथ. त्याचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. अडलं एकाच गोष्टीवर, ते म्हणजे त्याचं चौऱ्याण्णव किलो वजन. डॉक्टर म्हणाले, ऐंशीच्या आत या, मग ऑपरेशनचं बोलू.

बाबांनी कात्रीचा स्क्रू ढिला करून दोन्ही पाती सुटी केली. मग विचारलं, “किती दिवस लागतील म्हणाले?”

“आठवड्याला अर्धा किलो धरून चाला म्हणाले. म्हणजे सहा-सात महिने. वर आणि जेवणाचा कागद दिला, चांगला चारपानी. हे खा, ते खाऊ नका.” रंगनाथ कडवट हसला. “मी म्हटलं, डॉक्टर, मी तालुक्याच्या सायकल शर्यतीत दोनदा पहिला आलेला माणूस आहे. मला दोन महिने खूप झाले.”

“हेमलताला काय सांगितलंस?”

“तेच. दोन महिने.”

बाबांनी दगडावर पाण्याचे थेंब सोडले आणि पहिलं पातं टेकवलं. एक बारीक, सलग आवाज सुरू झाला.

पुढचं रंगनाथनं सांगितलं ते थोडक्यात असं. त्यानं व्यायामाची सायकल घेतली, जागच्या जागी चालणारी. दुकानामागच्या खोलीत, ओव्हरलॉक मशीनच्या शेजारी ती मांडली. पहाटे दोन तास, संध्याकाळी दीड तास. हँडलवर एक पडदा होता, तो आकडे दाखवायचा. पन्नास किलोमीटर, साठ किलोमीटर. बाराशे कॅलरी जळल्या. बनियन पिळला तर पाणी निघायचं. शिलाईला आलेली माणसं दारातून डोकावून बघायची आणि वाहवा करायची. खोटं कशाला बोला, त्यालाही ते आवडायचं.

सायकलवरून उतरला की पोटात आगडोंब उसळायचा. आता बाराशे जाळल्यात म्हटल्यावर दोन भाकरी जास्त खाल्ल्या तर काय बिघडलं? वर शेंगदाण्याचा एक लाडू, फार तर दोन. एवढे कष्ट केलेल्या माणसाला बायकोही नको कशी म्हणणार? आणि डॉक्टरांचा तो चारपानी कागद घडी घालून इस्त्रीच्या टेबलाच्या पायाखाली गेला होता, कारण टेबल डुगडुगत होतं.

असे चार महिने गेले.

“आज किती?” बाबांनी विचारलं.

“नव्वद.”

त्यानं तो आकडा असा सांगितला, जणू कुणी भर पेठेत त्याची अब्रू काढली होती. मग घाईघाईनं म्हणाला की आधी त्याला काट्याचाच संशय आला होता. दुसरा काटा आणला. त्याच्यावरही नव्वदच. चार महिने, रोज साडेतीन तास, आणि उतरले ते चार किलो. कुणाला सांगून खरं वाटेल? म्हणून तर तो विचारत होता, घाम जातो कुठं म्हणून.

बोलता बोलता त्याची नजर हातातल्या घड्याळाकडं गेली. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. जरा दाबून धरा बाबा, म्हणजे लवकर होईल, असं तो म्हणाला.

“दाबलं की तापतं,” बाबा म्हणाले, आणि आपल्याच चालीनं पायडल मारत राहिले.

रंगनाथनं घड्याळ बाहीखाली सारलं.

थोड्या वेळानं बाबांनी पायडल थांबवलं. दगड फिरत फिरत हळू झाला आणि थांबला. बाबा खाली उतरले. अंगातला मळकट कुडता त्यांनी दोन्ही हातांनी वर उचलला आणि रंगनाथसमोर उभे राहिले.

चांगलं मडक्याएवढं पोट होतं बाबांचं.

“एक्केचाळीस वर्षं झाली या सायकलवर,” बाबा म्हणाले. “रोज सकाळपासून दुपारपर्यंत. बघ.”

रंगनाथ बघत राहिला. वीस वर्षं हे पोट त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण ते त्यानं असं कधी बघितलंच नव्हतं. त्याला हसू यायला हवं होतं, पण ते आलं नाही.

“तुमचं वेगळं आहे, बाबा.”

“काय वेगळं?”

रंगनाथनं आपल्याच पोटावर हात ठेवला.

बाबांनी कुडता खाली सोडला आणि रिकाम्या डब्यावर फडकं टाकून ते त्याच्यासमोर बसले. आता पायडलचा आवाज नव्हता. पिराच्या कट्ट्यावर दोन चिमण्या दाणे टिपत होत्या. अशा शांततेत माणसाला खरं बोलावंसं वाटतं, आणि नेमकी त्याचीच रंगनाथला भीती वाटत होती.

तरी त्यानं अर्धं सांगितलंच. सोमवारी साताऱ्याच्या दवाखान्यात त्याला बोलावलं होतं. डॉक्टर वजन घेणार, आणि हेमलता व तिचा नवरा तिथं असणार. आज गुरुवार. त्यानं मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. आजपासून अन्न बंद. दिवसाला सहा तास सायकल, दारं-खिडक्या लावून, अंगात स्वेटर घालून. पाणीसुद्धा घोटभर. पैलवान लोक कुस्तीच्या आधी असंच करतात, असं त्यानं ऐकलं होतं.

“आणि चक्कर येऊन पडलास तर?”

“पडलो तर पडलो.”

“पडलेल्या माणसाची किडनी घेतात का ते?”

हा विचार रंगनाथच्या डोक्यात आलाच नव्हता. चार महिने तो बहिणीसाठी म्हणून सायकल मारत होता, आणि या चार दिवसांच्या बेतात बहीण कुठंच नव्हती. होता तो नुसता काटा, आणि काट्याभोवती उभी असलेली माणसं.

बाबा पुढं झुकले. दगडाच्या चिखलानं काळी झालेली दोन बोटं त्यांनी रंगनाथच्या कुशीजवळ नेली आणि शर्टाची चुणी चिमटीत धरली. पाच-सहा बोटं कापड सहज हातात आलं.

“कापड कोरं आहे,” बाबा म्हणाले.

“हो… मागच्याच आठवड्यात शिवला.”

“तुझाच?”

“माझाच.”

“माप कुणी घेतलं होतं?”

रंगनाथनं मान खाली घातली.

अख्ख्या फलटणला ठाऊक होतं, बगाड्यानं बेतलेलं कापड सूतभरही चुकत नाही. नवरदेव डोळे झाकून त्याच्याकडं कापड टाकून जायचे. असल्या शिंप्यानं आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या अंगाचा शर्ट शिवावा, आणि तो असा पोत्यासारखा लोंबावा?

चिमटीतलं कापड बाबांनी सोडलं नाही.

“कुणासाठी शिवलास?”

“…हेमासाठी.”

मग उरलेलं अर्धं बाहेर आलं. दोन महिने उलटले तेव्हा हेमलतानं फोनवर विचारलं होतं, दादा, कुठवर आलं रे? तिचा आवाज इतका थकलेला होता की त्याच्यानं खरं सांगवेना. खऱ्यापेक्षा चार किलो कमी करून सांगितलं. पुढच्या फोनला आणखी थोडं. एकदा बोलून गेल्यावर मागं कसं यायचं? मागच्या आठवड्यात ती म्हणाली, फोटो तरी पाठव. त्या दिवशी त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, छातीत पाच इंच आणि पोटात सहा इंच वाढवून शर्ट बेतला, दुपारपर्यंत शिवला, अंगात घातला आणि बायकोकडून फोटो काढून घेतला. खाली लिहिलं, बघ हेमा, जुने कपडे कसे ढगळ व्हायला लागले. आता त्र्याऐंशी. काटा तेव्हाही नव्वदच दाखवत होता.

तो सांगत होता आणि त्याचे कान लाल होत होते. आयुष्यात एकही शर्ट त्यानं मुद्दाम चुकवला नव्हता. तो चुकवला, तो बहिणीला दाखवायला. याची लाज त्याला आत्ता वाटली, सांगताना, आणि इतकी वाटली की तो शर्ट तिथल्या तिथं काढून टाकावा असं त्याला झालं.

“फोटो बघून ती काय म्हणाली?”

“रडली. आनंदानं. घरी शिरा केला म्हणे.”

“आणि आता काय करतेय?”

“वाट बघतेय.”

“कुणाची?”

“माझी.”

“आणखी कुणाची?”

रंगनाथ ओट्यावर बोटानं रेघा ओढत राहिला.

बाबांनी पुन्हा विचारलं नाही. कुशीचं कापड अजून त्यांच्या चिमटीत होतं.

शेवटी रंगनाथच बोलला. आवाज पार खोल गेला होता. डॉक्टरांनी हेमलताला सुरुवातीलाच सांगितलं होतं, भावाचं वजन उतरेल तेव्हा उतरेल, तोवर दुसऱ्या दात्यांच्या प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवा. यादी मोठी असते, आज नाव घातलं तर कुठं वर्षा-दोन वर्षांनी नंबर लागतो. तिनं फॉर्म भरून ठेवला होता. नवरा तो द्यायला निघाला होता. तेव्हा रंगनाथनंच फोनवर त्याला झाडलं होतं, मी जिवंत असताना माझ्या बहिणीला परक्याची किडनी कशाला? आणि फोटो गेल्यावर तर तिनं फॉर्म कपाटात टाकून दिला. आता दादाचं झालंच की, म्हणाली.

“चार महिने,” रंगनाथ म्हणाला. “चार महिने यादीत तिचं नाव असतं, बाबा.”

हे वाक्य त्यानं आजवर मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. ते ओट्यावर पडलं आणि तो स्वतःच त्या शब्दांकडं बघत राहिला. मग त्यानं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. एवढा दांडगा गडी, पण खांदे गदगदा हलत होते. बाबांनी त्याला रडू दिलं.

रडून झाल्यावर त्यानं बाबांचे पाय धरले. ताईत द्या, पाणी मंतरून द्या, चाळीस दिवसांचा उपास सांगा, काय सांगाल ते करीन म्हणाला. तो कागद टेबलाखालून काढीन. सात महिने तर सात महिने, लाडवाकडं ढुंकून बघणार नाही. फक्त माझ्या बहिणीला काही होऊ देऊ नका.

“नव्वदाचे ऐंशी करायचेत, बाबा. मला एवढंच सांगा, सुरुवात कुठून करू?”

बाबांनी कापड सोडलं. कोऱ्या शर्टावर दोन बोटांचे काळे डाग उमटले होते. त्यांनी रंगनाथच्या खिशातला फोन काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

“आधी हेमलताकडून ते सात किलो परत घे.”