पोचवलेला माणूस

त्या दिवशी सकाळपासून उत्तरेचा वारा सुटला होता. आभाळ निळंशार, ढगाचं नाव नाही, ऊनही चांगलं पडलेलं. पण वारा असा, की समुद्र नुसता पांढरा फेसाळत होता आणि बंदरातल्या होड्या दोरांना हिसके देत होत्या. हिवाळा तोंडावर आला होता.

"गुरुजी, मी मेलोय का?"

म्हातारा मिकोन अंगणाच्या बुटक्या दगडी गडग्यावर बसून ऑलिव्हची फळं खात होता. त्यानं मान वर केली. बाहेर गल्लीत, उंबऱ्यापासून चार हात लांब, एक दाढीवाला माणूस उभा होता. थेरोन. त्याचा जुना शिष्य.

"मेलेल्याशी बोलू नये म्हणतात," मिकोन म्हणाला. "पण माझं वय बघता तिकडच्या दोन-चार लोकांशी ओळख असलेली बरी. बस."

थेरोनला हसू आलं नाही. तो बसलाही नाही.

फार जुनी गोष्ट आहे ही, ग्रीकांच्या एका लहानशा बेटावरची. थेरोन तिथलाच. मिकोनकडे शिकला, आणि पुढे वादात खुद्द मिकोनलाच गप्प करणारा म्हणून नावाजला. मग व्यापाराला म्हणून जहाजावर चढला आणि ते जहाज वादळात फुटलं. बेटावर बातमी आली, सगळे बुडाले. त्याच्या आईनं, मिर्तोनं, रीतीप्रमाणे सगळं केलं. प्रेत हाती लागलं नव्हतं, म्हणून रिकामीच तिरडी सजवली. स्वतःचे केस कापले. गावाबाहेर थडगं करून त्याच्या नावाचा दगड उभा केला.

थेरोन मात्र बुडाला नव्हता. चाच्यांनी त्याला पाण्यातून उचललं, विकलं, आणि तो एका रोमन मालकाच्या संगमरवराच्या खाणीत दगड फोडत राहिला. तो मालक मेला. मरताना मृत्युपत्रात त्यानं काही गुलाम मोकळे केले, त्यात हा एक. असा कित्येक वर्षांनी तो घरी आला.

आणि घराचं दार उघडेना.

त्या बेटाची रीतच तशी होती. ज्याचं क्रियाकर्म झालं, तो मेला. पुन्हा दिसला तरी त्याला घरात घ्यायचं नाही, देवळात येऊ द्यायचं नाही, शिवायचं नाही. एकच वाट होती. बायकांनी त्याला तान्ह्या पोरासारखं न्हाऊ घालायचं, बाळोत्यात गुंडाळायचं आणि आईच्या मांडीवर द्यायचं. मग तो नव्यानं जन्मला, नव्यानं गावचा झाला.

थेरोननं ते ऐकलं आणि सरळ नाही म्हणाला. दाढी पिकायला लागलेल्या माणसानं बाळोत्यात जायचं? ज्यानं भरल्या सभेत भल्याभल्यांची तोंडं बंद केली, त्यानं?

तो किनाऱ्यावर होड्यांच्या छपरीत झोपायचा. तिथून आईच्या घरचा धूर दिसे. वारा फिरला की भाजलेल्या जवाचा वास येई, आणि मग काही केल्या डोळा लागत नसे. खाणीत घर फार लांब होतं, ते सोसलं होतं त्यानं. हे एवढं जवळचं सोसवत नव्हतं.

मिकोनचं आणि मिर्तोचं घर शेजारी शेजारी. मधे एकच भिंत, पुरुषभर उंच. भिंतीपलीकडे जातं घरघरत होतं. ते कोण ओढतंय हे थेरोनला ठाऊक होतं.

"माझी सावली पडते," तो म्हणाला. "मेलेल्याची पडते?"

"नाही."

"मला भूक लागते. काल दगडावर पाय आपटला, रक्त आलं. मेलेल्याला येतं?"

"नाही येत."

"म्हणजे मी जिवंत आहे."

"आहेस." मिकोननं बी थुंकली. "तू वादात कधी हरला नाहीस, थेरोन. आजही जिंकलास."

"मग चला की! चौकात चला, सांगा सगळ्यांना. तुमचं ऐकतील ते."

"काय सांगू?"

"की त्यांनी चूक केली!" थेरोनचा आवाज चढला. भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणूनच चढला म्हणा ना. "रिकामी तिरडी खांद्यावर घेऊन मिरवली. रिकाम्या खड्ड्यावर दगड उभा केला. वर्षानुवर्षं एका रिकाम्या खड्ड्यासाठी रडत बसले सगळे!"

जातं थांबलं.

वारा तेवढा वाजत राहिला...

थेरोननं भिंतीकडे पाहिलं. मग मिकोनकडे. म्हातारा हातातलं फळ तसंच धरून बसला होता.

जातं काही पुन्हा सुरू होईना.

"ती जायची तिथं?" थेरोननं हळूच विचारलं. "थडग्यापाशी?"

"दर वर्षी. दूध आणि मध घेऊन. एका साली तिची शेळी आटली, तेव्हा दूध माझ्याकडून नेलं."

"आणि ओतायची?"

"ओतायची. परत येताना माझ्या दारावरून यायची. म्हणायची, प्यायला हो पोरगा आज."

थेरोन खाली बसला. गल्लीतल्या धुळीतच बसला.

"मी नव्हतो तिथं, गुरुजी."

"नव्हतास."

"मी तिकडं दगड फोडत होतो. दुपारी पाणीसुद्धा मिळायचं नाही."

"हं."

"मग ते दूध... कुठं गेलं?"

मिकोननं हातातलं फळ गडग्यावर ठेवून दिलं. त्याला ते ठाऊक नसावं.

वारा गल्लीतली धूळ उचलून थेरोनच्या केसांत टाकत होता, आणि तो ती झटकतही नव्हता.

"मी आत जाऊन काय सांगू तिला?" तो शेवटी म्हणाला. "मेलो होतो म्हणालो तर ते खोटं. मेलो नव्हतो म्हणालो तर..."

वादात ज्याची जीभ कधी अडली नव्हती, त्याची अडली.

मिकोन गडग्यावरून उठला. अंगावरची लोकरीची शाल त्यानं काढली. एक टोक दातात धरलं, दुसरं हातात, आणि टर्रकन फाडली. मग आणखी एक पट्टी. मग आणखी एक.

"अहो, हे काय करताय?" थेरोन धडपडत उभा राहिला. "एकच तर आहे तुमच्याकडे! आणि असल्या वाऱ्यात..."

"बाळ मोठं आहे," मिकोन म्हणाला. "कापड जास्त लागेल."

"लोक हसतील मला."

"हसू देत की. घरात पोर जन्मलं की माणसं हसतातच."

पट्ट्यांची त्यानं घडी केली आणि भिंतीवरून पलीकडे सोडली. पलीकडून कुणीतरी ती अलगद घेतली.

दुपारपर्यंत मिर्तोच्या दाराला ऑलिव्हच्या डहाळीची माळ लागली. मुलगा झाला की तिकडे लावतात तशी. आळीतल्या बायका जमल्या. घंगाळात ऊन पाणी काढलं. थेरोनला अंगणात बसवून त्यांनी डोक्यावरून पाणी घातलं, खाणीतली बारीक पांढरी माती कानामागून, मानेवरून चोळून चोळून काढली. "सुईणबाई, जरा जपून, कोवळं आहे हो पोर," एकजण म्हणाली आणि सगळ्या पदर तोंडाला लावून खिदळल्या. त्याचे हात अंगाशी धरून लोकरीच्या पट्ट्या गुंडाळल्या. चौघींनी मिळून उचलला. "काय गं बाई हे वजन! नऊ महिन्यांत भागलेलं दिसत नाही."

मग त्यांनी त्याला मिर्तोच्या मांडीवर ठेवला, आणि हसणं आपोआप थांबलं.

डोकं तेवढं मांडीवर मावलं. बाकी सगळा माणूस जमिनीवर पसरला होता. मिर्तो फार म्हातारी झाली होती. तिनं पीठ लागलेला हात हळूहळू पुढे आणला, मधेच थांबवला, आणि मग त्याच्या टाळूवर ठेवला.

खाणीत रोज अंथरुणावर पडल्या पडल्या थेरोननं एक वाक्य रचलं होतं, घरी पोचल्यावर आईला म्हणायचं म्हणून. एकेक शब्द घासून पुसून ठेवला होता. ते म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात भिंतीवर एक पांढरं डोकं वर आलं. मिकोन पलीकडे टोपली पालथी घालून तिच्यावर चढला होता. अंगात नुसता अंगरखा, वाऱ्यानं ओठ काळेनिळे पडलेले. शेजारच्या घरी बाळ झालं की कुणीही डोकावतं, तसा तो डोकावत होता.

"शू..." तो म्हणाला. "आज जन्मलेली पोरं बोलत नसतात, बाळा. रड नुसता."