आखीव पेठ

अहो, तिथून नका येऊ. ती भिंत आहे. इकडे, ह्या गल्लीतून या.

हसा, हसा. पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण हसतो. नुसता माळ आहे, भिंत कुठली दिसणार? पण जरा वाकून बघा. गवतात ह्या उघड्या रेघा दिसतात ना, त्यांच्यावर भर पावसाळ्यातही पातं उगवत नाही. एकाला एक लागून खोल्या आणि मधे दोन माणसं जेमतेम जातील एवढ्या गल्ल्या. निमसाळ्यात ह्याला आखीव पेठ म्हणतात. मी हौसाबाई तोडकर, दोनदा नगरसेविका झाले, निम्म्या गावाशी भांडले. पण ह्या रेघेवरून पाय टाकायची छाती माझीही झालेली नाही.

फार जुनी गोष्ट. दुष्काळात खालच्या मुलखातून साळ्यांची काही कुटुंबं इथं आली, असं सांगतात. त्यांच्यात सावंत्रा नावाची बाई होती. नवरा वाटेतच गेलेला आणि हिचे दिवस भरत आलेले. तिनं वेशीत उभं राहून पंचांना विनवलं, की हा माळ आम्हाला द्या. आम्ही दाटीनं राहू, दुमजली घरं बांधू, खाली माग आणि वर माणसं. माझं बाळ उघड्यावर जन्माला येऊ नये, एवढंच मागणं आहे.

पंचांत शब्द चालायचा तो रुद्राप्पा शेटे याचा. माणूस वाईट नव्हता म्हणे. नुसता चालढकल करणारा होता. त्या काळी सभेत ताटात विडा ठेवत आणि शेट्यांनी तो उचलला की परवानगी मिळाली असं समजत. रुद्राप्पा रोज त्या ताटासमोर बसायचा आणि विड्याला हात न लावता उठायचा. कुणी म्हणे, एवढी माणसं आली तर विहीर पुरायची नाही. कुणाला रोगराईची भीती. खुद्द रुद्राप्पाचा आक्षेप असा, की दुमजली घरांची सावली आमच्या अंगणात येईल, मग बायकांनी वाळवणं घालायची कुठं?

शेवटी पंचांनी तोड काढली. घरं कशी होणार ते आधी जमिनीवर चुन्यानं आखून दाखवा, मग बघू. सावंत्रानं अवघडल्या अंगानं स्वतः दोरी धरली. पंच बघायला आले आणि गल्ल्या अरुंद आहेत म्हणाले. पुसून पुन्हा आखल्या, तर जिने कुठून घेणार यावर वाद घालून परत गेले. तोवर थंडी पडायला लागली होती.

मग ती माणसं त्या रेघांतच राहायला लागली. आत चुली मांडल्या. दारासाठी सोडलेल्या जागेतूनच येणं-जाणं करायची. शेजारणीकडे जायचं तरी दारात थांबून 'येऊ का?' म्हणून विचारायची. गावातले लोक गंमत म्हणून बघायला जायचे. मला ह्याचाच फार राग येतो. कुडकुडणाऱ्या माणसांची कसली आलीय गंमत?

आणि एका सकाळी माळ रिकामा होता. चुलीत जाळ होता, तव्यावर भाकरी होती, माणूस मात्र एकही नाही. चहूकडे दव पडलेलं, पण त्यात बाहेर जाणारं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. गेले असतील दुसरीकडे, असं म्हणून पंच आपापल्या घरी निघून गेले.

त्याच दिवशी ऊन कललं आणि गावातल्या अंगणांत सावल्या आल्या. दुमजली घरांच्या, खिडक्यांसकट. माळावर तर काहीच नव्हतं! त्या सावलीत धान्य वाळेना, लुगडी दमटच राहत. रुद्राप्पाच्या अंगणात पडलेल्या सावलीतल्या खिडकीत एक बाई पाळणा हलवताना दिसायची. त्याच्या सुनेनं अंगणात पाऊल टाकणंच सोडलं.

मग रुद्राप्पानं विडा उचलला. तो हातात धरून माळावर आला आणि सावंत्राच्या दाराशी, म्हणजे रेघेतल्या मोकळ्या जागेशी, उभा राहिला. "मान्य केलं गं बाई पंचांनी," तो म्हणाला. "बांधा आता घरं."

आत मागाचा खटका चालू होता तो थांबला, असं सांगतात. मग बाळंतिणीचा थकलेला आवाज आला. "बांधली की, शेटे. बाळबी घरातच झालं. आता तुमी कुठं ऱ्हानार?"

रुद्राप्पा घरी परतला, पण त्याला आत जाता येईना. बाकीच्यांना वाडा दिसत होता. त्याला मात्र उंबऱ्यापलीकडे भिंती दिसेनात, छप्पर दिसेना. जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या दिसत होत्या. पाट दिला तरी तो बसला नाही. उन्हात, थंडीत दाराबाहेर उभाच राहिला. मरायच्या आधी त्यानं पंचांकडून वचन घेतलं, की ज्यांना घर नाही त्यांच्या घराचा विषय निघेल तेव्हा निकाल लागेपर्यंत कुणी बसायचं नाही. तो गेला त्या संध्याकाळी अंगणातल्या सावल्या सरल्या.

आजही निमसाळ्याच्या नगरपरिषदेत असा विषय आला की सगळे सदस्य उभे राहतात. सुजलेले गुडघे घेऊन मीसुद्धा उभी राहिलेय. गेल्या महिन्यात मात्र ही रीत मोडली. बायपासजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या कामगारांसाठी सात मजली इमारती बांधायचा प्रस्ताव होता. पाणी पुरणार नाही, गर्दी वाढेल, आमच्या गच्च्यांवरचं ऊन जाईल, असं सगळं बोलणं गुबगुबीत खुर्च्यांत बसून झालं. नगराध्यक्षही बसूनच होते. त्यांनी हसत हसत विषय तहकूब केला.

आज सकाळी त्यांच्या बायकोचा मला फोन आला. बिचारी रडत होती. म्हणाली, "हौसाकाकू, पहाटेपासून हे दाराबाहेर उभे आहेत. मी आत या म्हणते, तर मलाच विचारतात, आत म्हणजे कुठं?"