भिवबा जिनगराची सातवी कमान

व्यंकटराव राजांच्या पणजोबांची तोड्याची बंदूक भिवबा जिनगराकडे दुरुस्तीला जाऊन दोन वर्षं झाली, तरी ती परत येईना. पाच परगण्यांत जुनी बंदूक जिवंत करणारा हात एकट्या भिवबाचाच, त्यामुळे दुसरीकडे न्यायचीही सोय नव्हती. शेवटी राजांनी सुभाना हुजऱ्याला बोलावलं.

"दसऱ्याला सीमोल्लंघनाचा पहिला बार त्याच बंदुकीचा होईल. आठ दिवस आहेत. म्हाताऱ्याला धमकी द्यायची नाही, लालूच दाखवायची नाही. दोन्हीवर तो रुसतो. बंदूक आली नाही, तर तू पागेत लीद उचलशील."

सुभाना निघाला. दोन वर्षं तोच या कामावर होता. दिवसाआड भिवबाच्या ओट्यावर जायचं, "कुठवर आलं?" विचारायचं, चिलीम ओढायची आणि घरी येऊन बायकोला सांगायचं, "आज फार दमलो." नुसतं बसण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, अशी त्याची खात्री होती.

ओट्यावर नेहमीचे आठ जण होते. कुणी देशमुखांचा, कुणी पाटलांचा. सगळे आपापल्या धन्याच्या बंदुकीच्या चौकशीला आलेले. आत भिवबा चापाची कमान, म्हणजे चाप उसळवणारी पोलादी पट्टी, तापवत होता. पोलाद नेमक्या रंगावर आलं की त्याच क्षणी पाण्यात बुडवायचं. सुभानाने सवयीने हाक मारली, "भिवबा, कुठवर आलं?"

म्हाताऱ्याने मान वर केली. तेवढ्यात रंग पुढे गेला आणि पाण्यात पडताच कमान तडकली.

"तुमच्या बंदुकीची ही सातवी," भिवबा शांतपणे म्हणाला. "आधीच्या सहा वेळा हाक कुणी मारली, ते विचारू नकोस. तुला वाईट वाटेल."

सुभानाचा चेहरा उतरला. "कुणीच हाक मारली नाही तर?"

"मग पाच दिवस पुरे."

दुसऱ्या दिवशी सुभाना पहाटेच येऊन भात्याशी बसला. एकेक जण आला की तो म्हणे, "आता नवा रिवाज आहे. चौकशी करायची तर आधी दुपारपर्यंत भाता ओढायचा. ये, मी थकलोच आहे." पांढऱ्या अंगरख्यांनी कोळशाची राख पाहिली आणि प्रत्येकाला घरचं काम आठवलं. संध्याकाळपर्यंत ओटा रिकामा झाला. तिसऱ्या दिवशी खुद्द राजांचा जासूद आला. त्यालाही सुभानाने तेच सांगितलं. जासूद आल्या पावली परत गेला.

दसऱ्याला शिवेवर राजांनी त्याच बंदुकीचा पहिला बार काढला. माळ दणाणला आणि बाभळीवरचे पोपट उडाले. राजांनी सुभानाला जवळ बोलावलं.

"धमकी नाही, लालूच नाही. मग केलंस काय?"

"महाराज, भिवबाच्या कामात दहा माणसं आडवी येत होती. नऊ जणांना मी घालवलं."

"आणि दहावा?"

"दहावा मी. सगळ्यांत मोठी धोंड. ती भात्याला जुंपली."

राजे हसू दाबत म्हणाले, "आमच्या जासुदालाही हाकललंस म्हणे. त्याला नवांत धरलंस की कसं?"

"धरलाय, महाराज. पण त्याचा काय दोष? त्याला कुणीतरी पाठवलं होतं."

राजांनी आधी सुभानाकडे पाहिलं, मग हातातल्या बंदुकीकडे, आणि असे खदखदून हसले की मंदिल सावरायला दोन माणसं धावली. हसता हसताच त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि सुभानाच्या फोड आलेल्या हातात घातलं.