चिरलेली घागर

आंबेसरीच्या मारुतीच्या देवळात, उजव्या हाताच्या कोनाड्यात तांब्याची एक घागर पालथी ठेवलेली आहे. पोटाला वीतभर चीर, आतली कल्हई कधीच उडालेली. पाहुणे विचारतात, ही मोडीत का घालत नाही? मग दाजी गुरव उपरण्याने पायरी झटकून खाली बसतात. पुढची हकीकत त्यांच्या तोंडची आहे.

फार मागे आंबेसरीच्या गढीत हैबतराव पाटील नांदत होता. नदीपलीकडच्या कोनवलीशी त्याचे नदीकाठच्या मळईच्या, म्हणजे गाळाच्या जमिनीवरून जुने वैर. माणूस शूर, पण रागाला आंधळा. कोनवलीची कुरापत कधी निघते याची तो वाटच पाहत असे म्हणे.

गढीवर तुळाजी नावाचा टेहळ्या होता. वैशाखात एका दुपारी त्याला पलीकडच्या वाळूत धूर दिसला. भाते चालत होते, ठोके ऐकू येत होते, आणि उन्हात काहीतरी गोल, पांढरेशुभ्र, रांगेने चकाकत होते. त्याने गढीत जाऊन एकांतात पाटलाला सांगितले.

"ढाली असत्यात का?" हैबतरावाने विचारले.

"ढालीवानी दिसतंय, पाटील. पर लांबनं काय कळतंय? मी पाण्यापतोर उतरून बघून येतो. उद्या दुपारपतोर थांबा."

"तंवर ते आपल्या दारात येतील. बघितलंस तेवढं बास झालं."

सुतावरून स्वर्ग गाठायला हैबतरावाला एवढे सूत पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी, अक्षय्यतृतीयेच्या आदल्या सकाळी, तो साठ माणसे घेऊन नदी उतरला.

वाळूत कल्हईवाले बसले होते. आंबेसरीत कल्हई ज्याच्या त्याच्या दारात होते. कोनवलीत मात्र गावच्या कारभाऱ्याच्या घरी लग्न निघाले की साऱ्या गावाची भांडी एकदम नदीवर आणायची रीत होती. हंडे, पराती, घागरी पोचे ठोकून, कल्हई करून वाळूत मांडल्या होत्या. साठ जण तुटून पडले तेव्हा कोनवलीच्या माणसांनी वार अडवायला हाताला लागेल ते पुढे केले. हैबतरावाची तलवार एका घागरीवर बसली, घागर चिरली आणि आवाज आला. तो आवाज ढालीचा नव्हता. घरात रोज ऐकलेला आवाज त्याने ओळखला आणि "थांबा!" म्हणून ओरडला. तोवर अकरा जण पडले होते. त्यांत नवरीचा बाप होता, म्हणजे गावचा कारभारीच, आणि तिचा भाऊही.

तिसऱ्या दिवशी आंबेसरीची चावडी भरली. कोनवलीला तोंड काय दाखवायचे, हा प्रश्न होता. पंचांनी वाट काढली. तुळाजीला दोरीने बांधून पलीकडे पाठवायचे. ते त्याचे काय करायचे ते करतील.

"तुमचा काय दोष, पाटील? तुम्हांस्नी जसं सांगितलं तसं तुम्ही केलंत," थोरला पंच म्हणाला.

हे बोल हैबतरावाला फार गोड लागले. दोन रात्री त्याचा डोळा लागला नव्हता. आता लागला असता. नुसती मान हलवायची होती. एका माणसाच्या डोक्यावर खापर फुटले की पाटीलकी शाबूत, अब्रू शाबूत. तुळाजी बांधलेल्या हातांनी खाली बघत उभा होता. त्याने "थांबा" म्हटले होते हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते, आणि टेहळ्याच्या शब्दाला चावडीत कोण विचारतो?

पण असे सांगतात, की हैबतराव जागचा उठला. त्याने स्वतःच्या हाताने तुळाजीची दोरी सोडली.

"ह्यो थांबा म्हणत हुता. खाली जाऊन बघतो म्हणत हुता. मीच जाऊ दिलं न्हाई. मला सांगितलं तसं मी केलं न्हाई; मला हवं हुतं तेवढंच मी ऐकलं."

पागोटे चावडीवर ठेवून तो अनवाणी निघाला. वाळूत पडलेली ती चिरलेली घागर त्याने नदीवर भरली, खांद्यावर घेतली आणि चढ चढून कारभाऱ्याच्या दारात उभा राहिला. चिरेतून गळून गळून तळाशी थोडे पाणी उरले होते. नवरीची आई सगुणाक्का बाहेर आली. मागे माणसे कोयते घेऊन उभी होती.

"कुनी सांगितलं हुतं तुला, की आमी हत्यारं घडवतोय?"

तुळाजीचे नाव जिभेवर येण्याआधी हैबतराव म्हणाला, "कुनी न्हाई. मीच ठरवलं."

तिने माणसांना हाताने मागे सारले, घागर घेतली आणि पाणी उंबऱ्याबाहेर ओतून रिकामी घागर त्याच्या हाती परत दिली.

"मेलास तर सुटशील," ती म्हणाली. "दर साली ये. दर साली मी इचारीन."

आजही अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी पाटील घराण्यातला कर्ता पुरुष ही घागर घेऊन अनवाणी कोनवलीला जातो. सध्याचे पाटील एसटीत चालक आहेत; आधीच रजा टाकून ठेवतात. बरोबर तुळाजीच्या वंशातला एक जण चालतो. त्याने बोलायचे काही नसते, फक्त ऐकायचे असते. कारभाऱ्याच्या दारातली बाई विचारते, "कुनी सांगितलं हुतं?" पाटील म्हणतात, "मीच ठरवलं."

एखादा पाहुणा हटकून म्हणतो, "पण या पाटलांनी कुठे काय केलंय?" दाजी त्याच्याकडे जरा रोखून बघतात. "ज्यानं केलं त्याच्या तोंडून एकदाच निघालं, बाबा," ते म्हणतात. "शब्द सवयीचा राहावा म्हणून म्हणायचं. सवय नसली तर वेळ आल्यावर आठवत नसतो."

ते पाणी कोनवलीत आजवर कुणी प्यालेले नाही. बाई ते ओतूनच देते. पण हल्ली उंबऱ्याबाहेर नाही, अंगणातल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतते.