हेडमास्तरांचा गालिचा

एका गावात एक निवृत्त हेडमास्तर राहत होते. त्र्यंबकराव त्यांचं नाव. खरं बोलावं, या विषयावर ते न थांबता दीड तास बोलत. नोकरी संपली तेव्हा त्यांनी शाळेचा शिक्का गुपचूप घरी आणला होता. जुन्या तारखांचे दाखले ते अजून घरी बसून देत. गावाला हे ठाऊक होतं. पण मोठ्या माणसाला विचारणार कोण?

एकदा त्यांचा सत्कार ठरला. पाहुणे संध्याकाळी घरीच येणार होते, म्हणून बैठकीत लाल गालिचा अंथरला. दुपारी मास्तर त्यावर बसून दाखल्यावर शिक्का मारत असताना शिक्क्याच्या निळ्या शाईची बाटली कलंडली. मास्तरांनी बाटली आणि शिक्का कपाटात टाकला, हात धुतले आणि ते ओरडले, "सूनबाई! तुझ्या पेनानं बघ काय केलं!"

सून सुलक्षणा बारावीची परीक्षा बाहेरून देत होती. परवा पहिला पेपर होता.

"मामंजी, मी आज बैठकीत पाऊलही ठेवलं नाही."

"उलट बोलतेस? पेन दे इकडे. परीक्षा बंद!"

त्यांनी पेन हिसकावून खिडकीत ठेवलं.

गालिचे धुणाऱ्या गोदाक्काला बोलावणं गेलं. तिने खाली वाकून डाग पाहिला.

"गुरुजी, शाई कसली?"

"पेनाची. दुसरी कसली असणार?"

गोदाक्काने दुधात भिजवलेलं पांढरं फडकं डागावर हलकेच दाबलं. फडकं जवळजवळ पांढरंच राहिलं.

"पेनाची असती तर दुधानं सुटली असती. शिक्क्याची असेल तर स्पिरिट लागतं. पण खरं सांगा, अंदाजानं औषध घातलं की गालिचा जातो."

सुलक्षणा दारात उभी होती. तिची परीक्षा आता मास्तरांच्या एका शब्दावर होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग कपाटाकडे पाहिलं.

"पेनाचीच आहे. गरम पाणी आणि साबण घे, घास."

"मी नाही घासणार. पसरेल."

"चाळीस वर्षं मुलं शिकवली मी. तू मला शिकवतेस?"

"मुलं शिकवली असतील. गालिचे नाही धुतले," गोदाक्का म्हणाली आणि बाजूला झाली.

मास्तरांनी धोतर खोचलं आणि स्वतःच घासायला बसले. वीतभर डाग हातभर झाला. हातभराचा उंबऱ्यापर्यंत गेला. तेवढ्यात हार घेऊन पाहुणे दारात आले.

मास्तरांनी पटकन दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्यांना नमस्कारही करता येईना.

सुलक्षणाने खिडकीतलं पेन उचललं. "मामंजी, परवा पेपर आहे. मी अभ्यासाला बसते."

तिला थांबवायला मास्तरांनी हात वर केला. दहा माणसांसमोर तो मनगटापर्यंत निळा दिसला.

"अहो गुरुजी, ही तर शिक्क्याची शाई!" एक पाहुणा म्हणाला. तो तलाठी होता, त्याच्या बोटांना ती रोज लागे.

मास्तरांनी हात पुन्हा मागे घेतला. सुलक्षणा आत गेली. तिला कुणी अडवलं नाही.

तात्पर्य: आपला डाग दुसऱ्याच्या नावावर घालून घासला की तो पसरतो आणि शेवटी आपल्याच हाताला लागतो. वय झालं म्हणून कुणाला यातून सूट नाही.