सुपारीएवढं फूल

फार पूर्वी, देवळाच्या घंटेवर गावाची वेळ चालायची त्या काळी, घाटाच्या पायथ्याशी एक फुलारी आणि त्याची बायको राहत होते. फुलारी देवळाला हार पुरवायचा. पहाटे फुलं तोडायची, दुपारी ओवायची, संध्याकाळी पोहोचवायची, यातच त्याचा जन्म चालला होता.

देवाच्या फुलांचा वास घ्यायचा नाही, हा त्याच्या घरचा नेम. म्हणून फुलं तोडताना आणि ओवायला बसला की तो नाकातोंडावर फडकं बांधायचा. नाक झाकलं जायचं तसं तोंडही झाकलं जायचं, त्यामुळे समोर बसलेल्या बायकोशी बोलायचा प्रश्नच नव्हता. आणि संध्याकाळी फडकं सुटलं, तरी बोलायची सवय कुठे राहिली होती?

लेकी सासरी गेल्या होत्या. घर गप्प झालं होतं. एके दिवशी बायको शांतपणे म्हणाली, "पौर्णिमेला दादाची बैलगाडी येईल. मी माहेरी जाते आहे. परत यायचं की नाही, ते तिथं गेल्यावर ठरवीन."

फुलारी चक्रावला. घरात भांडण नाही, तंटा नाही, कणगीत धान्य आहे. मग हिला झालं तरी काय? त्यानं पुष्कळ डोकं खाजवलं, पण तिलाच विचारावं, हे मात्र त्याला सुचलं नाही.

त्याच सुमारास बंदराकडे निघालेला चीन देशाचा एक व्यापारी वाटेत तापानं आडवा झाला. या दोघांनी त्याला ओसरीवर ठेवून घेतलं, पेज पाजली, बरा केला. निघताना त्यानं एक पांढराशुभ्र वाडगा आणि एक लाकडी डबी त्यांच्यापुढे ठेवली. डबीत सुपारीएवढे काही गोळे होते, सुकलेल्या पानांचे, दोऱ्यानं घट्ट बांधलेले.

एकमेकांची भाषा येत नव्हती. पाहुण्यानं दोघांकडे बोट दाखवलं. मग बोटं नाचवत हात वर नेला. मिटलेली मूठ हळूहळू उघडली. हात ओठांशी नेला. शेवटी चक्क मांडी घालून खाली बसला आणि हसून दोघांकडे पाहिलं. मग उठला आणि आपल्या वाटेनं निघून गेला.

त्यानं दोघांकडे बोट दाखवलं होतं, एवढं फुलाऱ्यानं पक्कं धरून ठेवलं. पाहुण्यानं आपल्या घरातलं दुखणं ओळखलं असणार आणि हा त्यावरचाच उतारा असणार. पौर्णिमेच्या आत तो कळला, तर बायको राहील.

पण तो वापरायचा कसा? गाठ दिसली की फुलाऱ्याची बोटं स्वस्थ बसत नाहीत. त्यानं पहिला गोळा सोडवला. आत सुकलेला मोगरा आणि पानांचा चुरा निघाला. उतारा काही निघाला नाही.

तो जोशीबुवांकडे गेला. बोटं नाचवत वर नेली म्हणजे धूर, हे जोशीबुवांनी ऐकताक्षणी सांगितलं. फुलाऱ्यानं निखाऱ्यावर गोळे टाकले. घरभर जळक्या गवताचा वास सुटला. बायको खोकत बाहेर गेली, त्याचा स्वतःचा घसा बसला.

वैद्यांचं म्हणणं पडलं की हात ओठांशी नेला म्हणजे चावून खायचं. त्यानं खाल्लं, बायकोलाही दिलं. कडू, तुरट. ती थुंकून आली आणि आपल्या लुगड्यांच्या घड्या घालू लागली. मग देवळाचा माळी म्हणाला, की मूठ उघडणं म्हणजे अंकुर फुटणं, तू हे पेर. पेरलेले गोळे कोंबडीनं उकरून काढले.

जो तो आपल्या जागी ठाम होता. फुलारी तेवढा जास्त जास्त गोंधळत चालला होता. शेवटची खूण त्यानं कुणाला सांगितलीच नव्हती. खाली बसणं ही काय खूण झाली, असं त्याला वाटलं होतं.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी डबीत एकच गोळा उरला. बायकोचं गाठोडं दाराशी तयार होतं. फुलाऱ्यानं हात टेकले आणि तो गोळा कोपऱ्यात भिरकावला.

बायकोनं तो उचलला. "अहो, फूल आहे ते. पायाखाली येईल. सुकलेलं फूल पाण्यात सोडायचं, हे मी तुम्हांला सांगायचं का?"

नदी लांब होती. नवऱ्याच्या बसलेल्या घशासाठी तिनं त्या पांढऱ्या वाडग्यात कढत पाणी ओतून ठेवलं होतं. सकाळपर्यंत यातच राहू दे, म्हणून तिनं गोळा त्यात सोडला.

पाण्यातून वाफ वर चढू लागली, पाहुण्याच्या बोटांसारखी नाचत. मग गोळा हलला. एकेक पान बाजूला झालं आणि मुठीतून यावा तसा पांढरा मोगरा वर आला. दोघं वाकून पाहत राहिली. पाहता पाहता कधी वाडग्याच्या दोन बाजूंना मांडी घालून बसली, हे त्यांनाही कळलं नाही.

फुलाऱ्याचा हात सवयीनं फडक्याकडे गेला आणि थांबला. "हे देवाला वाहिलेलं नाही," तो अडखळत म्हणाला. "आपल्याला दिलंय."

त्यानं वाडगा ओठांशी नेला. वास आधी आला, घोट मागून. त्याचे डोळे भरून आले. "मोगरा असा असतो?"

"असाच असतो," बायको म्हणाली. "मागच्या दारी माझ्या माहेरची वेल आहे. तिचाच मोगरा इतकी वर्षं रोज माझ्या केसांत होता."

त्यानं वाडगा तिच्यापुढे केला. ती प्यायली, त्यानं घेतलं, पुन्हा ती. मग ती लेकींबद्दल बोलू लागली, आणि तो ऐकत बसला.

पाणी संपल्यावर त्यानं हळूच विचारलं, "उद्या जाणार?"

तिनं वाडग्यात वाकून पाहिलं. "पानांत अजून रंग आहे. आणखी एकदा पाणी तापवते. मग बघू."

दुसऱ्या दिवशी दादाची गाडी आली, दादा पोटभर जेवला आणि गाडी रिकामीच परत गेली. जाताना बैलांच्या गळ्यात मोगऱ्याचे गजरे होते.

त्यानंतर देवाची फुलं ओवून झाली की फुलारी फडकं सोडायचा, आणि मागच्या दारच्या वेलीचा मोगरा गरम पाण्यात सोडून दोघं बसायची. धूर, चघळणं आणि पेरणं यांत नेमकं कुठे चुकलं, हे विचारायला जोशीबुवा, वैद्य आणि माळी येत राहिले. फुलाऱ्यालाही ते नीट सांगता येईना. तो नुसता मांडी घालून बसून दाखवायचा, आणि ते तिघं वाद घालत घरी जायचे.

तात्पर्य : घरी चालून आलेल्या सुखाचा अर्थ गावभर विचारत फिरू नये, आपल्या माणसाशेजारी बसून ते आधी चाखून पाहावं.